सोंड नसलेले पतंग: गोव्यातील वन्य रेशीम पतंगांची लक्षणे आणि वर्गीकरण

सत्तरी तालुक्यातील एका शिक्षिकेने प्रश्न विचारला आहे. चतुर्थीच्या सुमारास त्यांच्या घराच्या ओसरीच्या भिंतीवर दोन तळहातांएवढा, विटकरी रंगाचा पतंग येऊन बसला. त्याच्या पुढच्या पंखांची टोके सापाच्या डोक्यासारखी दिसत होती. दोन दिवस तो जागचा हलला नाही. मुलांनी वाटीत साखरेचे पाणी ठेवले, पण त्याने त्याला तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी तो दिसेनासा झाला आणि भिंतीवर तांबूस अंड्यांची एक ओळ मागे राहिली. हा पतंग कोणता, तो विषारी आहे का, त्याला आणि टसर रेशमाच्या पतंगाला एकाच कुळात कशावरून ठेवतात, आणि त्या अंड्यांचे काय करावे, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. गोव्याच्या रानांच्या कडेला पांढरा पडदा आणि दिवा लावून पतंगांच्या नोंदी घेण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

साखरेच्या पाण्यापासून सुरुवात करतो, कारण मुलांनी नकळत या कुळाच्या सर्वांत महत्त्वाच्या लक्षणाचीच परीक्षा घेतली. त्या पतंगाने पाणी नाकारले असे नव्हे. ते पिण्यासाठी लागणारा अवयवच त्याच्याजवळ नव्हता. फुलपाखरांना आणि बहुतेक पतंगांना गुंडाळून ठेवता येणारी सोंड असते. सॅटर्निइडी या कुळात, म्हणजे वन्य रेशीम पतंगांत, ती लोप पावलेली किंवा निरुपयोगी होण्याइतकी खुरटलेली असते. प्रौढ पतंगाचे सगळे आयुष्य, ते फार तर आठवडा-दीड आठवड्याचे, अळीने महिना-दीड महिना पाने खाऊन साठवलेल्या चरबीवर चालते. कोषातून बाहेर पडताना मादीच्या पोटात बरीचशी अंडी तयारच असतात. जोडीदार मिळवणे आणि अंडी घालणे एवढेच काम उरलेल्या प्राण्याला खाण्याची यंत्रणा बाळगण्याचे कारण राहत नाही.

या कुळाची ओळख अशी बरीचशी ‘नसण्या’वरून पटते. बहुतेक पतंगांच्या मागच्या पंखाच्या मुळाशी एक ताठ केस किंवा केसांचा झुबका असतो. तो पुढच्या पंखाखालच्या कडीत अडकतो आणि उडताना दोन्ही पंख एकत्र हलतात. आपल्याकडील सॅटर्निइडींत हा केस नसतो. त्याऐवजी मागच्या पंखाचा खांद्याकडील भाग रुंद झालेला असतो, आणि पुढचा पंख त्यावर नुसता टेकून दोघांची हालचाल जुळते. डोक्यावर संयुक्त डोळ्यांखेरीज असणारे साधे नेत्रक त्यांना नसतात. वटवाघळांचे ध्वनी ऐकण्यासाठी अनेक पतंगकुळांत विकसित झालेले कानही त्यांना नाहीत. रात्री उडणाऱ्या एवढ्या मोठ्या, मांसल कीटकाला वटवाघळाची चाहूलच लागू नये, ही गोष्ट मला सुरुवातीला फार विलक्षण वाटली होती. ती उणीव हे पतंग दुसऱ्या मार्गांनी भरून काढतात, त्याबद्दल पुढे लिहितो.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे, आणि वर्गीकरणाचा खरा प्रश्न तेथेच सुरू होतो. एखादा अवयव नाहीसा होणे ही घटना उत्क्रांतीत पुन्हा पुन्हा, एकमेकांशी संबंध नसलेल्या वंशांत घडू शकते. तुतीच्या रेशीम पतंगाला कार्यक्षम सोंड नाही, पण त्याचे कूळ बॉम्बिसिडी हे वेगळे आहे. लॅसिओकॅम्पिडी कुळातील केसाळ पतंगांनाही ती नाही. म्हणून ‘सोंड नाही, तेव्हा हा सॅटर्निइडी’ असे म्हणता येत नाही. अठराव्या शतकात नेमकी हीच अडचण झाली होती. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ मध्ये खवलेपंखी कीटकांचे, म्हणजे फुलपाखरे आणि पतंगांचे, पॅपिलिओ, स्फिंक्स आणि फॅलिना असे तीनच मोठे भाग केले. बहुतेक सर्व पतंग त्याने फॅलिनात ठेवले आणि त्याचे पोटभाग पाडताना शृंगिका (डोक्यावरच्या मिशा), पंखांची ठेवण व सोंड यांचा आधार घेतला. आपल्या ओसरीवरील पतंगाचा जवळचा नातलग असलेल्या अॅटलास पतंगाला त्याने तेव्हाच नाव दिले, परंतु आज आपण वेगळी मानतो अशी कितीतरी कुळे त्या व्यवस्थेत एकत्र बसली होती. सॅटर्निइडी हे स्वतंत्र कूळ फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ ब्वादुव्हाल यांच्या १८३७ च्या लेखनापासून मानले जाते. भारतातील पतंगांची पहिली व्यवस्थित मांडणी जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ ते १८९६ या काळात चार खंडांत केली. त्यांनी पंखांतील शिरांच्या रचनेवरून दिलेली वर्णने आजही हातात घ्यावी लागतात, इतके ते काम नेटके आहे.

मग ‘असणारी’ लक्षणे कोणती? पहिले आणि सर्वांत उपयोगी लक्षण शृंगिकांचे आहे. पुष्कळ पतंगांच्या शृंगिका पिसासारख्या असतात, पण त्यांच्या दर खंडाला दातांची एकच जोडी असते. या कुळातील बहुतेक नरांत दर खंडाला दोन जोड्या, म्हणजे चार दाते असतात. त्यामुळे शृंगिका रुंद, दाट आणि नेच्याच्या पानासारखी दिसते. मादीने हवेत सोडलेल्या गंधाचे कण टिपण्यासाठी ही रचना असते. मादीची शृंगिका अरुंद असते, आणि नर-मादी ओळखण्याची हीच सर्वांत सोपी खूण आहे. दुसरे लक्षण पंखांवरचे. चारही पंखांच्या मध्यभागी, शिरांनी वेढलेल्या मध्यकोशिकेच्या टोकाशी, एक डोळा, चंद्रकोर किंवा खवले नसलेली पारदर्शक खिडकी असते. तिसरे लक्षण अळीचे. तिच्या अंगावर ओळींनी मांसल गाठी असतात आणि त्यांवर राठ केस किंवा काटे असतात. शिरांच्या रचनेचे चौथे लक्षणही आहे. पुढच्या पंखातील काही शिरा कमी झालेल्या किंवा एका देठावर एकत्र आलेल्या असतात. पण त्यासाठी पंखावरचे खवले काढावे लागतात, आणि शाळेत किंवा घरी ते करण्याचे काही कारण नाही. ही सारी लक्षणे एकत्र जमली, की कूळ निश्चित होते. एकट्या लक्षणावर विसंबणे मात्र धोक्याचे ठरते.

आकाराबद्दल स्पष्टच सांगतो, कारण सर्वाधिक गोंधळ त्यानेच होतो. आकार हे कुळाचे लक्षण नाही. पंखांच्या विस्तारात जगात सर्वांत लांब ठरणारा दक्षिण अमेरिकेचा पांढरा थायसेनिया पतंग सॅटर्निइडी कुळात मोडतच नाही. तो एरेबिडी कुळातला आहे. गोव्यात त्याच एरेबिडी कुळातील एरेबस मॅक्रॉप्स हा काळपट तपकिरी, पुढच्या पंखांवर घुबडासारखे डोळे असलेला पतंग घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत, जुन्या वाड्यांत, गुहांत बसलेला आढळतो, आणि त्याला पाहून ‘अॅटलास सापडला’ असे निरोप दरवर्षी येतात. त्याच्या शृंगिका साध्या दोऱ्यासारख्या असतात आणि त्याला चांगली सोंड असते, तिने तो पिकून फुटलेल्या फळांचा रस पितो. मुलांची साखरेच्या पाण्याची वाटी त्याच्यापुढे ठेवली असती तर कदाचित उत्तर वेगळे मिळाले असते. दुसरा गोंधळ युप्टेरोटिडी कुळाचा. पावसाळ्याच्या सुरुवातीला दिव्यावर येणारे हे पिवळसर, केसाळ पतंग पिसासारख्या शृंगिका मिरवतात आणि हाताएवढेही होऊ शकतात. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः त्यांतला एक पतंग रानरेशमाच्या नोंदवहीत लिहिला होता. पंखाच्या मध्यावर डोळा किंवा खिडकी नाही, एवढे पाहिले असते तर ती चूक टळली असती.

आता वरून खाली येऊ. खवलेपंखी गण, म्हणजे लेपिडोप्टेरा, त्यात बॉम्बिकॉइडिया हे महाकूळ. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक यादीत या महाकुळात दहा कुळे आणि सहा हजारांहून अधिक जाती मान्य केल्या आहेत. त्यांत सॅटर्निइडीच्या अगदी जवळची कुळे दोन आहेत. एक तुतीच्या रेशीम पतंगांचे बॉम्बिसिडी आणि दुसरे स्फिंजिडी, म्हणजे भरारी घेणाऱ्या, फुलांसमोर हवेत स्थिर राहून मध पिणाऱ्या पतंगांचे. या नात्याचे मला नेहमी नवल वाटते. सर्व कीटकांत लांब सोंडेचा मान ज्या कुळाला आहे आणि ज्याला सोंडच नाही, अशी ही दोन कुळे एकाच घरातील भावंडे आहेत. मादागास्करच्या एका ऑर्किडची फूटभर लांब मधुनलिका पाहून तेवढ्या सोंडेचा पतंग असला पाहिजे असे डार्विनने १८६२ मध्ये लिहिले, आणि १९०३ मध्ये नोंदला गेलेला तो पतंग स्फिंजिडीच होता.

सॅटर्निइडीच्या जाती २०११ च्या गणनेत सुमारे २,३०० होत्या. त्यानंतर जनुकीय तुलनेतून त्यांत बरीच भर पडली आहे. कुळाची बहुतेक उपकुळे अमेरिका खंडांत एकवटलेली आहेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे उपकूळ एकच, सॅटर्निइनी. त्याच्या दोन शाखा गोव्यात भेटतात. अॅटॅसिनी या शाखेत अॅटलास येतो, तर सॅटर्निइनी याच नावाच्या शाखेत चंद्र पतंग, टसर आणि क्रिकुला येतात. दोन्ही शाखांत फरक करणारी एक खूण पुन्हा ‘नसण्या’चीच आहे. पंखाच्या मध्यभागी शिरांनी वेढलेली जी कोशिका असते, तिचे बाहेरचे टोक आडव्या शिरेने बंद झालेले असते. अॅटॅसिनीत ती शीर नसल्यामुळे कोशिका उघडी राहते.

आपल्या ओसरीवर आलेला पतंग या शाखेतला अॅटॅकस टॅप्रोबॅनिस असावा. टॅप्रोबेन हे श्रीलंकेचे प्राचीन ग्रीक नाव. ही जाती दक्षिण भारताचा सह्याद्री आणि श्रीलंका येथे आढळते. हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्येकडे आणि पुढे आग्नेय आशियात पसरलेला अॅटॅकस अॅटलास तिचा जवळचा नातलग. पूर्वी दोघांना एकच मानत. रिचर्ड पायग्लर यांनी १९८९ मध्ये अॅटॅकस या प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, सखोल पुनरीक्षण केले, त्यानंतर टॅप्रोबॅनिसला स्वतंत्र जातीचे स्थान मिळाले. म्हणून गोव्यातील पतंगाला बोलताना अॅटलास म्हटले तर हरकत नाही, पण नोंदवहीत नाव लिहिताना हा भेद पाळावा. त्याचे पंख पसरल्यावर २० सेंटिमीटरच्या पुढे जातात. चारही पंखांवर त्रिकोणी पारदर्शक खिडक्या असतात. पुढच्या पंखांची वाकलेली टोके सापाच्या डोक्यासारखी असल्याने पक्षी दचकत असावेत, असे पुष्कळजण मानतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्या टोकांचे आणखी एक कार्य दाखवले. टोकांची वळी आणि पन्हळ वटवाघळाचा ध्वनी जोरात परत फेकतात, त्यामुळे हल्ल्याचा रोख नाजूक धडाऐवजी पंखाच्या कडेकडे जाण्याची शक्यता वाढते. कान नसलेल्या पतंगाने ऐकू न येणाऱ्या शत्रूला चुकवण्यासाठी काढलेला हा मार्ग आहे. याची अळी पांढऱ्या मेणचट भुकटीने माखलेली असते आणि दालचिनीसह अनेक झाडांची पाने खाते. कोष कागदासारखा तपकिरी असून पानात गुंडाळलेला असतो. पानाचा देठ रेशमाने फांदीला बांधलेला असल्याने पान सुकले तरी गळत नाही. चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान आणायला रानात गेलेल्यांना असे न गळलेले सुके पान पुष्कळदा दिसते. ते तोडू नये, आत कोणी असू शकते.

चंद्र पतंग, म्हणजे अॅक्टियास सेलीने, हा माझ्या मते गोव्यातील सर्वांत देखणा पतंग आहे. फिकट पोपटी पंख, पुढच्या कडेला जांभळट तांबडी पट्टी, धड कापसासारखे पांढरे आणि मागच्या पंखांना लांब, किंचित पीळ पडलेल्या शेपट्या. मोईच्या, म्हणजे शेमटाच्या, पानांवर त्याची हिरवीगार अळी वाढते. या शेपट्यांचा अर्थ त्याच प्रजातीतील अमेरिकी लूना पतंगावर केलेल्या प्रयोगांतून उलगडला. २०१५ च्या त्या अभ्यासात शेपट्या शाबूत असलेल्या पतंगांना वटवाघळापासून वाचण्याचा सुमारे ४७ टक्क्यांचा जास्त लाभ मिळाला. उडताना गिरक्या घेणाऱ्या शेपट्या वटवाघळाला भुलवतात आणि ते तोंड मारते ते शेपटीवर. शेपटी तुटलेला चंद्र पतंग दिव्यावर आला, तर तो बहुधा अशा प्रसंगातून सुटून आलेला असतो.

टसरच्या पतंगाशी गोव्याचे नाते फार जवळचे आहे, जरी येथे टसर काढण्याची परंपरा नाही. ज्या ऐनाला आपण माट्टी म्हणतो आणि जो गोव्याचा राज्यवृक्ष आहे, तो टसरच्या अळीच्या मुख्य अन्नवृक्षांपैकी एक. मोले, नेत्रावळी, खोतीगावची पानझडी राने या वृक्षाने भरलेली आहेत. विदर्भात, गडचिरोली-भंडाऱ्याकडे, ऐन आणि अर्जुनावर ही अळी वाढवून कोसा काढतात. नर बहुधा तांबूस आणि मादी पिवळट किंवा करडी. दोघांच्या चारही पंखांवर काचेच्या भिंगासारखा गोल डोळा असतो. कोष अंड्याएवढा, कवचासारखा टणक असतो आणि रेशमी देठाच्या वेढ्याने फांदीला पक्का लटकतो. सोंड आणि जबडे नसलेला प्राणी या कवचातून बाहेर कसा येतो, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. टसर ज्यात मोडतो त्या अँथेरिया प्रजातीवर काम करताना काफाटोस आणि विल्यम्स यांनी १९६४ मध्ये त्याचे उत्तर दिले. पतंग डोक्याकडून एक विकर (एन्झाइम) पाझरवतो, ते रेशमाचे धागे जोडून ठेवणारा डिंक विरघळवते, आणि मऊ झालेले धागे सारून तो बाहेर येतो. टसरच्या पतंगाच्या नावाबाबत मतभेद आहेत. काही अभ्यासक दक्षिणेकडील पतंगाला अँथेरिया पॅफिया म्हणतात, काही सर्व भारतीय टसरला अँथेरिया मायलिटा म्हणतात. नोंद करताना कोणते नाव कोणाच्या मताने वापरले, ते लिहिले म्हणजे पुरे.

चौथा क्रिकुला ट्रायफेनेस्ट्राटा. नावाचा अर्थ ‘तीन खिडक्यांचा’. मादीच्या पुढच्या पंखावर तीन लहान पारदर्शक ठिपके असतात, त्यावरून हे नाव आले. त्याच्या केसाळ अळ्या झुंडीने राहतात आणि आंब्याची, काजूची पाने खातात. कोष सोनेरी जाळीचे असून घोसाघोसाने लागतात. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, म्हणजे या पतंगाच्या दृष्टीने ते परके झाड. पण काजू, आंबा आणि चंद्र पतंगाची मोई ही तिन्ही एकाच वनस्पतिकुळातील आहेत, आणि पानांतील रसायने ओळखीची असल्याने अळीला नवे झाड स्वीकारणे सोपे गेले असावे. काजू बागायतदारांनी थोड्या अळ्या दिसताच फवारणीला धावू नये. झुंड एकत्र असताना फांदी कापून ती दूर करता येते.

विषाबद्दल: यांपैकी कोणताही प्रौढ पतंग चावत नाही, डसत नाही. ज्या अळीच्या स्पर्शाने रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो, ती लोनोमिया याच कुळातली आहे, हे खरे. पण ती दक्षिण अमेरिकेत असते आणि तिचे उपकूळ वेगळे आहे. गोव्यात अंगाला आग करणाऱ्या अळ्या बहुधा लिमॅकोडिडी किंवा इतर केसाळ कुळांतल्या असतात. तरीही क्रिकुलाच्या केसाळ अळ्यांना उघडा हात लावू नये, आणि पतंग हाताळताना त्याच्या पंखांचे खवले निघतात म्हणून त्यालाही शक्यतो हात लावू नये.

शाळेसाठी नोंद घेताना पतंग मारून टाचण्याची मुळीच गरज नाही. वरून आणि शक्य असल्यास खालून छायाचित्र, शृंगिका स्पष्ट दिसेल असे एक जवळचे छायाचित्र, बाजूला मोजपट्टी, तारीख, वेळ, दिव्याचा प्रकार आणि आसपासची झाडे एवढे लिहिले तर कूळ आणि बहुधा जातीही ठरवता येते. दिवा मात्र नोंद झाल्यावर बंद करावा. ज्याच्या आयुष्याचे आठ-दहाच दिवस आहेत आणि ज्याला वाया गेलेली शक्ती खाऊन भरून काढता येत नाही, त्याची एक रात्र दिव्याभोवती फिरण्यात जाणे हे मोठे नुकसान आहे.

आपला पतंग दोन दिवस हलला नाही आणि मागे अंडी राहिली, यावरून ती मादी होती हे निश्चित. माद्या कोषाजवळच बसून गंध सोडतात आणि नराची वाट पाहतात, म्हणून घराच्या आसपास तिचा रिकामा कोष सापडण्याची शक्यता आहे, तो मुलांना शोधायला सांगा. नर न भेटलेली मादीही शेवटी अंडी घालते, परंतु ती फलित नसतात आणि काही दिवसांत मध्यभागी खचतात. अंडी गोल, भरीव राहिली तर साधारण आठ ते चौदा दिवसांत अळ्या निघतील. भिंतीवर त्यांना खायला काही नाही. तेव्हा अंडी खरवडून न काढता ती जागा ओल्या कापसाने किंचित मऊ करावी, कागदाच्या कडेने अंडी अलगद सोडवावीत आणि कुळागरातील, म्हणजे सुपारीच्या बागेतील, दालचिनीच्या कोवळ्या पानाखाली, मुंग्यांची वाट नसलेल्या फांदीवर, तो कागद दोऱ्याने बांधून ठेवावा.